हस्त सरल्यावर या

सोलापुरातल्या एका महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात मी तीसेक वर्षं नोकरी केली. हुद्दा प्रयोगशाळा परिचराचा, पण काम बहुतेक नमुन्यांचं. माळावर जायचं, रोप मुळासकट काढायचं, जुन्या दैनिक ‘संचार’च्या घडीत दाबायचं, रोज कागद बदलायचे. वाळलं की जाड शीटवर चिकटवायचं, कीड लागू नये म्हणून औषध लावायचं आणि खाली उजव्या कोपऱ्यात लेबल डकवायचं. लेबलावर नाव, कूळ, ठिकाण, तारीख आणि फुलाचा रंग. रंग जागेवरच लिहावा लागतो, कारण वाळल्यावर निळं काय नि जांभळं काय, सगळं एकाच तपकिरी वळणावर जातं. केन्याचं फूल तर त्याहून अवघड. सकाळी दहा-अकराच्या आत दाबलं नाही तर त्याची निळी पाकळी पाणी होऊन विरघळते. दुपारी कागद उघडावा तर तिथे ओला डाग.

फुलं म्हटली की लोक कासच्या पठाराचं नाव घेतात. घ्यावंच. पण कासला पाऊस दरवर्षी येतो आणि भरपूर येतो. तिथून जवळ महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पडतो. तेच ढग सह्याद्री ओलांडून दोन-अडीचशे किलोमीटर पूर्वेला आमच्याकडे पोचेपर्यंत रिकामे झालेले असतात. सोलापूरची सरासरी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, आणि ही सरासरी फक्त कागदावर भेटते. मृग कोरडा, आर्द्रा कोरडी, पुष्य-आश्लेषात नुसतं आभाळ, आणि मग उत्तरा-हस्तात दोन दिवसांत निम्मं वर्ष ओतून मोकळं, असं कितीदा पाहिलं. ऑक्टोबर 2020 मध्ये बंगालच्या उपसागरावरून आलेल्या कमी दाबाच्या पट्ट्याने सोलापूर-पंढरपूरला पूर आणला, तेव्हा खरीप काढायची वेळ होती. आमचा भाग वाळवंट नव्हे, हे खरं. पण इथल्या माळावर जगणाऱ्या रोपट्याला वाळवंटातल्या रोपट्याचीच रीत पाळावी लागते: पाऊस येईल तेव्हा घाई, नाही आला तर दम.

आमची फिरायची ठिकाणं ठरलेली. नान्नज, मार्डी, अकोलेकाटी, गंगेवाडी, हिरज. वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा बसाल्ट. मे महिन्यात या माळावर उभं राहिलं तर तरवडाची चार झुडपं, एखादी बोर आणि पायाखाली करकरणारं वाळकं कुसळीचं गवत, एवढंच. नवीन विद्यार्थी गाडीतून उतरले की विचारायचे, “इथे काय बघायचंय?” मी त्यांना खाली बसायला सांगायचो. मातीवर बोट फिरवलं की कुसळं, काटेरी फळं, चपटे दाणे, तुटक्या शेंगांचे तुकडे हाताला लागतात. मे महिन्यातला माळ बघायचा तो असा.

पहिला दांडगा पाऊस झाला की चौथ्या-पाचव्या दिवसापासून कंद वर येतात. पॅन्क्रेशियम, म्हणजे आमची रानलिली. आधी पानाचा पत्ता नाही आणि एकदम पांढरी फुलं. ती संध्याकाळी उमलतात, वास दूरवर जातो आणि अंधार पडता पडता लांब सोंडेचे पतंग येतात. मग मुसळी, मग भुईचक्राची गडद जांभळी टिकलीएवढी फुलं, दीपकाडीच्या मातकट घंटा. कंदवाल्यांचं बरं असतं, गेल्या वर्षीची शिदोरी खाली पुरलेली असते. बियांवर जगणारे मागून येतात: सराट्याची पिवळी फुलं, विष्णुक्रांतेचं निळं, खुळखुळा, शेवरा, केना, पुढे नभाळी, आणि ज्वारीच्या कडेला कुरडू. हस्त सरता सरता गवतं निसवतात. पवना, शेडा, मारवेल, कुसळी. मग महिन्याभरात सगळं वाळतं. एवढ्या काळात उगवायचं, फुलायचं, बी धरायचं आणि पाडायचं. विष्णुक्रांतेचं अख्खं रोप मुळासकट माझ्या तळहातावर मावायचं आणि त्यावर फूल, कळी, फळ तिन्ही असायचं.

कुसळी गवताची एक गोष्ट मी प्रत्येक वर्गाला दाखवली. वाळलेलं कुसळ घ्यायचं, ओल्या तळहातावर ठेवायचं आणि हात स्थिर धरायचा. काही क्षणांत त्याची पिळलेली दांडी उलगडायला लागते आणि कुसळ आपोआप फिरतं. वाळलं की पुन्हा पीळ बसतो. ओलं, कोरडं, ओलं, कोरडं, असं करत त्याचं टोकदार बूड जमिनीत घुसत जातं. टोकाला मागे वळलेले केस असतात, म्हणून गेलेलं बी परत बाहेर येत नाही. मेंढ्यांच्या लोकरीत, कातड्यात घुसतं तेही याच रीतीने, आणि मेंढपाळ त्याला शिव्या घालतात.

दुसरी गोष्ट ब्लेफॅरिसची. उटंगणाच्या जातकुळीतली, जमिनीसरशी पसरणारी काटेरी वनस्पती. तिची फळं पिकली तरी उघडत नाहीत. वाळक्या रोपावर घट्ट मिटून महिनोन् महिने बसतात. ती फळं मी डब्यात भरून ठेवायचो. काचेच्या बशीत पाणी घालून त्यात टाकली की थोड्या वेळाने टक्, टक् असा आवाज आणि बी बशीबाहेर. बियांवरचे केस भिजले की ताठ होतात, चिकट होतात आणि पडल्या जागी मातीला धरतात. म्हणजे पाणी आल्याशिवाय बी सोडायचंच नाही, असा बंदोबस्त. मुलं ओरडायची, पुन्हा दाखवा म्हणायची. डबा दर पावसाळ्याआधी रिकामा व्हायचा.

विभागात तेव्हा एक जुने प्राध्यापक होते. बॉम्बे प्रेसिडेन्सीच्या वनस्पतींवरचे कुक साहेबांचे ग्रंथ, 1901 ते 1908 या काळात आलेले, त्यांना जवळजवळ पाठ. नोकरीच्या सुरुवातीच्या एका कोरड्या वर्षी आम्ही मार्डीच्या माळावरून हात हलवत परतलो. मी वही मिटली. ते म्हणाले, “लिही की.” मी म्हटलं, काही सापडलंच नाही, सर. ते म्हणाले, “सापडलं नाही हेही निरीक्षणच आहे. काय सापडलं नाही ते नावानिशी लिही. तारीख घाल.”

त्या दिवसापासून मी दोन वह्या ठेवल्या. एकीत सापडलेलं, दुसरीत न सापडलेलं. दुसऱ्या वहीत जागा, तारीख, शेवटचा पाऊस कधी पडला ते, आणि त्या जागी पूर्वी मिळालेल्या पण यंदा न दिसलेल्या वनस्पतींची नावं. माझ्या नोकरीतलं सगळ्यात उपयोगाचं काम कोणतं, असं विचारलं तर मी ही दुसरी वही दाखवीन. पुढे या दोन वह्या शेजारी ठेवून वाचल्या तेव्हा दिसलं, की एखादं नाव तीन-तीन, चार-चार वर्षं न सापडलेल्यांत राहतं आणि मग एका वर्षी पहिल्या वहीत येतं, तेही त्याच माळाच्या त्याच उतारावर. मधल्या वर्षांत ते कुठे गेलेलं नसतंच.

ते कुठे असतं, हे पाहायला आम्ही एका उन्हाळ्यात माळावरची वरची बोटभर माती घमेल्यांत भरून आणली. चाळली नाही, खडे काढले नाहीत. पत्र्याच्या ट्रेमध्ये पसरली. काही ट्रे खालून पाणी मुरवून ओले ठेवले, काहींवर झारीने हलकं शिंपण, काहींवर सणसणीत पावसासारखं बराच वेळ पाणी सोडलं. खालून भिजवलेल्या ट्रेमध्ये जेमतेम काही कोंब आले. वरून धो धो पाणी घातलेल्या ट्रेमध्ये आठवड्यात हिरवा थर. तो ट्रे वाळू दिला, महिन्याने पुन्हा तसंच पाणी दिलं, तर त्याच मातीतून दुसरी फळी उगवली, आणि तिच्यात पहिल्या वेळी न आलेल्या जाती होत्या.

प्राध्यापकांनी मग सांगितलं, की कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या मातीवर फ्रिट्स वेंट यांनी 1940 च्या दशकात असंच काम केलं होतं. बियांमध्ये उगवण रोखून धरणारी द्रव्यं असतात. ती धुऊन निघण्याइतका पाऊस वरून पडावा लागतो, साधारण इंचभर. भुरभुर सर आली तर बी फसत नाही. आणि पुरेसा पाऊस झाला तरी सगळं बी एकदम उगवत नाही, काही मागे राहतं. असं मागे राहणं बेभरवशाच्या पावसात फायद्याचं का ठरतं, याचं गणित डॅन कोहेन यांनी 1966 मध्ये मांडलं. माझ्या वडिलांना ते गणित सांगायची गरज पडली नसती. पहिली पेरणी वाया गेली तर दुबार पेरणीसाठी कणगीत बी असलं पाहिजे, हे आमच्या घरात कुणी शिकवत नव्हतं, ते ठाऊकच असायचं. माळ तेच करतो, फक्त त्याची कणगी मातीत.

टारफुल्याचं बी यात सगळ्यांच्या पुढे. ज्वारीच्या मुळावर जगणारं हे परजीवी तण शेतकऱ्याचा वैरी. त्याचं बी धुळीएवढं बारीक, आणि दहा-पंधरा वर्षंही जमिनीत तग धरतं. पाणी मिळून भागत नाही, जवळ ज्वारीसारख्या यजमानाचं मूळ आलं, त्यातून पाझरणारी खूण मिळाली, तरच उगवतं. शेतकऱ्याचा राग मला मान्य आहे. तरी त्या बियाच्या धीराकडे मी आदरानेच बघतो.

2015 साल माझ्या दुसऱ्या वहीत सगळ्यात जास्त पानं घेऊन बसलंय. त्या वर्षी प्रशांत महासागरात मोठा एल निनो होता. आपल्याकडे एल निनोच्या वर्षी पावसाळा बहुधा दगा देतो, तसा दिला. पुढच्या एप्रिलात लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, ते सगळ्यांना आठवत असेल. 2015 च्या त्या ऑक्टोबरात आमच्या माळावर चालताना पायाखाली गवताचा आवाजसुद्धा नव्हता, कारण उगवलंच नव्हतं. आणि नेमक्या त्याच ऑक्टोबरात विभागातल्या एका तरुण मॅडमनी मला चिलीमधल्या अटाकामा वाळवंटाचे फोटो दाखवले. जगातल्या अतिकोरड्या जागांपैकी एक, आणि क्षितिजापर्यंत जांभळा-गुलाबी गालिचा. त्याच एल निनोने तिकडे पाऊस नेला होता. पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीतही फुलांचा मोठा बहर आला. मी ते फोटो बराच वेळ पाहिले. तिकडच्या लोकांनी आधीची कितीतरी वर्षं आमच्यासारखीच उघडी जमीन बघितली असणार. समुद्र एकच, त्याच्या एका हेलकाव्याने इथलं बी झोपलेलं राहिलं आणि तिथलं उठलं.

आमचा पाऊस पुढच्या वर्षी सप्टेंबर सरताना लागला. जूनचे कंद तेव्हा वर आले नाहीत, त्यांची वेळ टळली होती. पण विष्णुक्रांता, शेवरा, खुळखुळा आणि नभाळी असे आले, की मी दाबायला नेलेले कागद पहिल्या उतारालाच संपले. पावसाची तारीख किती महत्त्वाची, ते त्या वर्षी नीट कळलं. तेवढाच पाऊस जूनमध्ये पडता तर वेगळीच फुलं आली असती आणि माळ वेगळाच दिसला असता. ‘माळावर काय आहे’ या प्रश्नाचं उत्तर एका वर्षात देता येत नाही.

खरपुडीबद्दल एका धनगर आबांनी मला शिकवलं. खरपुडीचं फूल म्हणजे छोटी उभी नळी, खाली फुगीर. आत उतरलेली चिलटं आतल्या केसांमुळे बाहेर पडू शकत नाहीत, केस मलूल झाले की सुटतात आणि परागकण घेऊन दुसऱ्या फुलात जातात. हे मी पुस्तकात वाचलं होतं. आबांना म्हटलं, यंदा खरपुडी दिसेना. ते म्हणाले, “दिसंना म्हंजी मेली न्हाई. तिला पानी पुरलं न्हाई. गड्डा हाय खाली.” चार पावलं चालले, काठीने मुरूम उकरला आणि लिंबाएवढा गड्डा दाखवला. खायचा असतो तो, मेंढपाळांची जुनी भूक भागवणारा. “ल्हान हाय, ऱ्हाऊ द्या,” म्हणत परत माती लोटली. वेल नाही, पान नाही, वरून एक खूण नाही. त्यांनी जागा कशी ओळखली, ते विचारल्यावर फक्त म्हणाले, “दर साली हितंच अस्ती.”

माझी आई 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. तेव्हा खाल्लेल्या मिलो आणि सुकडीच्या आठवणी त्या पिढीतल्या प्रत्येकाकडे आहेत. आई त्याबरोबर माकडशिंगीचं नाव घ्यायची. काटेरी झुडपाच्या आडोशाला उगवणारी ही निवडुंगासारखी दिसणारी वनस्पती. तिच्या हिरव्या कांड्या कच्च्या खातात, भाजीही करतात. शिवाय घोळ, कुरडू, तांदुळजा, जे मिळेल ते. आज माकडशिंगीचा अर्क भूक कमी करणाऱ्या गोळ्यांत घालून विकतात. मी तिचा नमुना चिकटवला तेव्हा लेबलावर ‘उपयोग’ या रकान्यात ‘दुष्काळातलं अन्न’ असं लिहिलं.

त्याच 1972 साली नान्नजच्या माळावर माळढोक असल्याची नोंद झाली आणि 1979 मध्ये अभयारण्य जाहीर झालं. पक्षी बघायला लांबून लोक यायचे. पक्षी कशावर जगतो, हे मात्र फारसं कुणी विचारायचं नाही. माळढोक टोळ खातो, बोरं खातो, आणि फुलांवर बसणारे काळ्या-केशरी पट्ट्यांचे हिंगे भुंगेरे आवडीने खातो. फुलं आली की हिंगे येतात, गवत वाढलं की टोळ वाढतात, आणि याच पावसाळी दिवसांत माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते. आता नान्नजला माळढोक दिसणं ही बातमी होते. त्याची कारणं अनेक आहेत. त्यांतलं एक मी जवळून पाहिलंय. कोणे एके काळी माळ ‘हिरवा’ करण्याच्या हौसेने त्यावर गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया, लावण्यात आलं. ते मध्य अमेरिकेतलं झाड. सावलीत आमचं गवत येत नाही, विष्णुक्रांता येत नाही, आणि दूरवर नजर लागल्याशिवाय माळढोक तिथे राहत नाही.

देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशांत असे माळ आजही ‘पडीक’ म्हणून रंगवले जातात. पडीक ठरवलेल्या जमिनीवर काहीही करायला मोकळीक असते. शहराजवळच्या एका टेकाडावर आम्हाला रानलिली हमखास मिळायची. एका वर्षी रस्त्याच्या कामाला मुरूम हवा होता, जेसीबी लागलं आणि उन्हाळा संपायच्या आत टेकाडाची वरची दोन हात जमीन गेली. त्यानंतर चांगले पाऊस झाले, मी प्रत्येक वेळी गेलो, रानलिली पुन्हा आली नाही. दुसऱ्या वहीत तिचं नाव दरवर्षी लिहीत होतो. मग एका वर्षी समोर ‘जागा उरली नाही’ असं लिहून ती ओळ बंद केली. दुष्काळाने माझ्या वहीतली एकही ओळ अशी कायमची बंद केलेली नाही. ज्या बंद झाल्या, त्या खोदाईने, नांगराने आणि प्लॉटिंगने. माती उलटली, उचलून नेली, की कंद आणि बी दोन्ही जातात, मग पाऊस येऊन काय उगवणार?

अजून या जिल्ह्यात नवं सापडायचं संपलेलं नाही. 2014 मध्ये इथल्या अभ्यासकांनी क्रायनमची एक नवी जात जगापुढे आणली, तिच्या शास्त्रीय नावातच सोलापूर आहे: क्रायनम सोलापुरेन्स. बातमी कळली त्या दिवशी विभागात आम्ही पेढे वाटले. ज्या जिल्ह्याचं नाव चादर, ज्वारी आणि दुष्काळ यांच्यापुढे जात नाही, त्याच्या नावाचं एक फूल आहे, याचा मला आजही अभिमान वाटतो.

निवृत्तीनंतर गावाकडे आलो. गायरानावर वृक्षलागवड करायचं ठरलं, खड्ड्यांच्या आखणीसाठी मे महिन्यात पाहणी झाली आणि अहवालात ‘वनस्पती नाही’ असं लिहिलं गेलं. ग्रामसभेत मी उठलो. दोन्ही वह्या आणि त्याच गायरानावरच्या नमुन्यांचे फोटो घेऊन गेलो होतो. सांगितलं, की झाडं लावायला माझा विरोध नाही. ओढ्याकाठी लावा, बांधावर लावा, शाळेपुढे लावा. गायरानाची पाहणी मात्र मे महिन्यात करू नका, हस्त सरल्यावर या, आणि एका वर्षावर ठरवू नका. एक पोरगा म्हणाला, “काका, गवतच तर आहे.” त्याची आजी मागे बसली होती. तिने तिथूनच विचारलं, “आन शेळ्या काय तुझ्या घरातलं शिमीट खानार व्हय?” सभेत हशा झाला आणि त्यानंतर खरी चर्चा सुरू झाली.

दोन बैठका झाल्या. वरच्या अंगाचा, मुरमाचा दहा एकरांचा तुकडा सोडायचा आणि खालच्या काळ्या मातीत लावायचं, असं ठरलं. खालचे खड्डे झालेत, कडुनिंब आणि बाभळीची रोपं आलीत. वरच्या तुकड्यासाठी शाळेतल्या मुलांना मी वही आखून दिली आहे. डावीकडे सापडलेलं, उजवीकडे न सापडलेलं, वर तारीख आणि शेवटचा पाऊस. यंदा मृग कोरडा गेला, त्यामुळे उजवी बाजू भरत चालली आहे, आणि मुलांना सध्या तेच काम आहे: नावं नीट लिहायची, ऱ्हस्व-दीर्घासकट.